भागीच्या अंगावरून गेलेली मेर

अन्याय झाला तो भागीवर. माझी धाकटी बहीण. वय सहाच्या आसपास. आमच्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवतं. साल एकोणीसशे त्रेपन्न. सोमवार. भातकापणी सरत आली होती. सकाळ, गुरं सोडायची वेळ.

जागा, आबांचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. आबा गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालताना पुढे उभे राहणारे, मळ्यातल्या निम्म्या भातजमिनीचे मालक. खळ्याभोवती जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. गडग्याला एक कवाड. कवाडाबाहेर माझी आई, तिच्या खांद्यावर भागी. मागे मी. चौथीत होतो.

भागीचं डोकं आईच्या मानेवर पडलं होतं. तोंड उघडं. ओठांना पापुद्रे धरलेले. मी तिच्या पायाला हात लावला आणि काढून घेतला. चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखा पाय.

आई म्हणाली, "आबानु, चेडवाच्या आंगात ताप आसा. पेजसुदा पोटात ठरना नाय. गाडी धाडलास तर मालवणाक नेतंय."

गाडी खळ्यातच उभी होती. चाकांना लागलेला चिखल अजून पुरता वाळला नव्हता. आबांचा नातू बाळू तापानं पडला म्हणून हीच गाडी मालवणला गेली होती आणि डॉक्टरला बसवून घेऊन आली होती.

आबा पडवीत पान जुळवत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"गाडी कित्याक? आदी तुझ्या घोवाक इचार, मेरेर पाय खंय घातल्यान ता. तेणा खरा सांगल्यान तर ताप आपसूक उतारतलो."

पडवीतली माणसं हसली. एकजण म्हणाला, "सुयेपेक्षा सोपा औषध."

आई हलली नाही. "चेडू मरतला, आबानु."

"मगे देवाक सांग. मी काय देव?"

आणि त्यांनी पान तोंडात घातलं.

भागी बुधवारी गेली.

मेर म्हणजे शेताचा बांध, हे बाहेरच्या वाचकासाठी. आमच्या बोलीत एक जागा दुसरीपासून वेगळी करायला शब्दांची कमी नाही. शेताला मेर. परड्याला काट्यांची वंय. घराला गडगा. दाराला उंबरो. गावाला शीव. शाळेत गुरुजींनी एकदा फळ्यावर सीमा, हद्द, मर्यादा असं एकाखाली एक लिहिलं आणि म्हणाले, हे समानार्थी शब्द, पाठ करा. मी पाठ केले. पण समानार्थी कसे, ते मला कळेना. ज्यानं हे शब्द पायांनी शिकले त्याला विचारा. गडगा बांधताना माझा बाप आतल्या अंगाला उभा राहून दगड बसवायचा. शेवटचा दगड बसला की तो बाहेरचा व्हायचा, आणि पाणी मागायचं झालं तर त्याच दगडांपलीकडून ओंजळ धरायचा. वंय गुरांसाठी असते. जनावर आत शिरलं तर काठी मारून हाकलतात, आणि विसरतात. आम्ही शिरलो तर खळं सारवून घेतात. शिवेपलीकडे गावचे रोग टाकतात, आणि ते टाकायला आम्हालाच पाठवतात. आमच्या वाडीला तर नावसुद्धा नव्हतं. व्हाळ म्हणजे ओढा. व्हाळाच्या पलीकडे आम्ही, म्हणून नुसतं 'पलीकडे'. "पलीकडच्या कोणाक तरी बोलाव," एवढं म्हटलं की पुरे.

या सगळ्या शब्दांत मेर हा शब्द आमच्या घरावर पडला. कसा, ते सांगतो.

आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांच्या जमिनी मळ्यात शेजारी शेजारी. मध्ये मेर. त्या वर्षी श्रावणात व्हाळ फुगला, मळ्यात शिरला आणि जाताना मेर घेऊन गेला. पाणी ओसरलं तेव्हा सगळा चिखल एकसारखा. आबांचं कुठवर आणि तात्यांचं कुठून, काही खूण नाही. आबा म्हणाले, मेर फणसाच्या खोडाच्या सरळ रेषेत होती. तात्या म्हणाले, खोटं, करंजाच्या झाडाच्या रेषेत. फणस आणि करंज यांच्यामध्ये आमच्या वाडीतली चार घरं बसतील एवढी जमीन.

सरकारी मोजणीदार बोलवता आला असता. दोघांनाही तो नको होता. मोजणीदार आला की साखळी टाकतो, आणि साखळी टाकता टाकता विचारतो, ही जमीन कसतो कोण? कुळकायदा आला होता. कुळाचं नाव कागदावर चढलं की मालकाची झोप उडायची. भाऊ भावाशी भांडत होता, पण कुळाचं नाव चढू नये यावर दोघांचं एकमत होतं.

म्हणून जुनी रीत काढली. मेर हरवली तर महारानं चालायचं. मोडलेल्या मेरेचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, देवाची शपथ घ्यायची आणि अनवाणी चालायचं. तो चालेल ती मेर. गावाचा त्याच्यावर फार विश्वास म्हणून ही रीत, असं गावात अभिमानानं सांगतात. तुम्हीही ऐकलं असेल. पूर्वी महाराचा शब्द प्रमाण मानायचे हो. मी सांगतो रीत काय आहे ती. भांडण दोघा मालकांचं. जमीन मालकांची. आणि खोटं ठरलं तर पोर मरणार ते महाराचं. यात विश्वास कुठे आहे, मला दाखवा.

माझ्या बापाला मेर माहीत नव्हती. हेही साफ सांगतो, कारण मागाहून काही शहाण्यांनी मला सुचवलं की तुझा बाप जाणता होता असं लिही, लोकांना आवडेल. तो जाणता नव्हता. व्हाळापलीकडचा माणूस, दुसऱ्याच्या शेतातल्या रेघा त्यानं कशाला डोक्यात ठेवाव्यात? रीतीला माहितगार लागतच नाही. रीतीला अंग लागतं.

चालायच्या आधी आबांनी त्याला व्हाळावर गाठलं. "भिक्या, फणसाचा खोड दिसता मां? बस." तात्यांनी बायकोकडून निरोप धाडला. वयनी काठावर उभी राहून गोड आवाजात म्हणाली, "भिकू, करंजाच्या सावलेत तुझ्या बापाशीन बिडी ओढली हा. आठव जरा."

बाप घरी येऊन पायरीवर बसला. आईला म्हणाला, "दोघांच्या मधसून चालतंय. म्हणजे कोणाच्याच पोटात दुखूचा नाय."

ही त्याची चूक. दोन मालकांमध्ये सापडलेला माणूसच अशी चूक करतो. त्याला वाटलं, दोघांना अर्धं अर्धं दिलं की दोघेही अर्धे रागावतील, आणि देवही अर्ध्यावर सोडून देईल.

त्या दिवशी मी मळ्याच्या कडेला होतो. गाऱ्हाणं घातलं गेलं. "देवा म्हाराजा, ह्यो तुझो म्हार मेर चालता. खरो चाललो तर राख. खोटो चाललो तर तेच्या घरात खूण दाखय." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." बापही म्हणाला. आपल्याच पोरांच्या मरणाला त्यानं सगळ्यांबरोबर होकार दिला, हात जोडून.

मग माती. ती त्याच्या डोक्यावर ठेवली नाही. ठेवायचं तर हात लागला असता. वरून टाकली. ओलं ढेकूळ फुटलं आणि त्याच्या कपाळावरून डोळ्यांत उतरलं. हात जोडलेले, पुसता येईना. देवासमोर खरी मेर दाखवायला निघालेला माझा बाप डोळ्यांत चिखल घेऊन चालला.

तो मधून चालला. जमेल तेवढा मधून.

पंधरवडा गेला असेल नसेल, गावात ताप आला. वरच्या वाड्यात आला, खालच्या वाड्यात आला, आमच्यातही आला. बाळूला आला. डॉक्टर आला, सुई दिली, बाळू उठून बसला. भागीला आला. पुढचं वर लिहिलं आहे.

तिला पुरून आलो त्याच आठवड्यात गाव देवळासमोर बसलं. आम्ही लांब. आबा म्हणाले, देवान खूण दाखवल्यान. भिको खोटो चाललो. करंजाकडे सरकलो म्हणान चेडू गेला. मेर फणसाकडेच आसा. तात्यांनी तोंड वाकडं केलं, पण देवाच्या खुणेपुढे काय बोलणार? मेर फणसाच्या रेषेत ठरली. सहा वर्षांची पोर मेली आणि आबांना जमीन मिळाली.

ती मेर बांधायला माती कोणी वाहिली? माझ्या बापानं. त्याला बोलावणं आलं, तो गेला. डोक्यावर पाटी घेऊन चिखल वाहत राहिला, पायांनी तुडवून मेर घट्ट केली. दुपारी वंयीच्या अलीकडे पानावर भात घातला तो खाल्ला.

त्यानंतर तो कधीही कुठल्या मेरेवरून चालला नाही. लोक मेरेवरून सुक्या पायांनी जायचे, माझा बाप खालून गुडघाभर चिखलातून. पोरं हसायची. "भिको बेडूक." मी त्याच्या मागून शाळेला जायचो तेव्हा दहा हात अंतर ठेवायचो. त्या हसणाऱ्या पोरांत चालायचो.

घरातही एक मेर पडली. आईनं त्याला वाढणं सोडलं नाही, पण भागीचं नाव घेणं सोडलं. एकदाच बोलली. पाऊस गळत होता, काहीतरी किरकोळ बिनसलं होतं, आणि ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तू चाललंस तसा माझा चेडू गेला." बाप उठून बाहेर गेला. छपराखाली उभा राहिला. त्यालाही तसंच वाटत होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गावानं नुसती जमीन नाही घेतली. आपणच आपली पोर मारली, हे त्या माणसाच्या मनात घालून दिलं. तो हेच मनात घेऊन मेला. एकसष्ट साली.

छप्पन सालानंतर आमच्या वाडीनं देव सोडले. टाक, नारळ, सगळं व्हाळात. मी तोवर सावंतवाडीला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो होतो. लग्नपत्रिका, तमाशाच्या जाहिराती, आणि रात्रपाळी नसली की आमची पत्रकं. अक्षरं उलटी वाचायला शिकलो. उलटं वाचता यायला लागलं की पुष्कळ सुलट दिसतं. पत्रकं मीच वाटायचो, बाजारात, देवळांच्या जत्रांत, मारही खायचो. 'जुन्या रूढी झुगारून द्या.' हे वाक्य मी किती वेळा जुळवलं असेल. जुळवताना रूढी म्हणजे दुसऱ्याची वाटायची.

त्रेसष्टचा पावसाळा. व्हाळ पुन्हा मळ्यात शिरला. मेर पुन्हा गेली.

आबा तोवर वारले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे बाळूचा बाप, मास्तर. कसालच्या बाजूला शिकवायचा, खादी घालायचा, पंधरा ऑगस्टला भाषण करायचा. तात्या होते, म्हातारे, काठी टेकत. ते म्हणायला लागले, आता माझी जमीन मला द्या, नाहीतर कोर्टात जातो. मास्तरांना कोर्ट नको, मोजणी नको. कुळं अजून होती.

मी सुट्टीवर घरी आलो होतो. मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. मास्तर आमच्या दारात आले. अंगणात उभे राहिले. आत या म्हटलं, म्हणाले, "नको, घाईत आहे."

मग ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "तुझे वडील चालले होते, आता तू चाल. मी या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण लोक मानतात. नावापुरतं आहे रे. विधी म्हणून."

"महारवतन सरकारनं काढलं," मी म्हणालो. "आम्ही देव सोडले."

"मग तर उत्तमच. तू मानत नाहीस, मीही मानत नाही. मग चालायला हरकत काय?"

मी पत्रकं लिहिणारा माणूस. आणि मलाही वाटलं, खरंच, मानत नाही तर हरकत काय? आणि त्याच वेळी आत पाळण्यात पोर रडली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. देव व्हाळात सोडून सात वर्षं झाली होती, आणि मी घाबरलो.

निघता निघता मास्तर म्हणाले, "तुमच्या वाडीची वाट आमच्या जमिनीतून जाते. मी कधी अडवली नाही. लक्षात असू दे."

ते गेल्यावर आई दारात आली. "चलू नको," म्हणाली. "तुझा चेडू ल्हान आसा."

"आये, तू अजून मानतंस?"

ती पाळण्याला झोका देत राहिली.

तरी मी मळ्यात गेलो. आमच्यातला कोणी आलाच नाही, असं त्यांना म्हणू द्यायचं नव्हतं. सगळा गाव जमला होता. फणसाच्या पानावर ढेकूळ तयार. मी पायात चपला ठेवल्या.

"चपला काढ रे पुढाऱ्या," एकजण ओरडला. "मेर आसा ती, मालवणचो बाजार न्हय."

हशा. मी काढल्या नाहीत.

मास्तरांनी पान उचललं. "वाक जरा," म्हणाले. ते ठेंगणे, मी उंच.

आणि माझी मान वाकायला लागली. मी वाकवली नाही. ती आपोआप खाली निघाली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं. मला माझेच पाय दिसले, चपला दिसल्या, चिखल दिसला. त्या चिखलात खालून चालणारा बाप दिसला. मान तिथं थांबली. मी ती वर आणली. इतकं जड काम मी आजवर दुसरं केलेलं नाही.

म्हणालो, "पयल्यान एक सांगा. माझी भयण कशान मेली?"

तात्या काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "ता जुना झाला रे, बाबा."

"जुना झाला तर मेर अजून थंयच कशी होती?"

मास्तर म्हणाले, "तू विषय भरकटवतो आहेस."

गर्दीत बाळू होता. सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, धडधाकट. मी त्याच्याकडे बोट केलं. "ह्यो बाळू. त्याच दिवसांत ह्येच्या आंगात पण ताप होतो. तो कोण खोटो चाललो म्हणान?"

बाळू माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माका आठवता. डॉक्टरान दोन सुयो दिल्ल्यो."

"गप रव!" मास्तरांची पुस्तकी मराठी तेवढ्यापुरती गळून पडली.

मी म्हणालो, "माती मी घेवचंय नाय. जमीन तुमची, मेर तुमची, देव तुमचो. मास्तर, तुम्ही मानीत नाय मां? नावापुरता आसा मां? मगे ती माती बाळूच्या डोक्यार घाला. तेका चालवा."

मास्तरांचा हात सुटला. पान खाली पडलं, आणि त्या हातानं त्यांनी बाळूचं मनगट धरून त्याला आपल्या मागे ओढलं. विचार न करता. विस्तव दिसला की आपण पोर मागे ओढतो तसं.

सगळ्या गावानं ते पाहिलं.

मास्तर, ज्या विधीत काही नाही, त्या विधीपासून तुम्ही तुमचं पोर मागे ओढलंत. माझ्या बापाला मात्र पोरं पणाला लावून चालवलं. मी तुमच्यावर रागावलो नाही त्या क्षणी. मला फक्त सगळं स्वच्छ दिसलं. गावाला सगळ्यातला फरक कळत होता. कोणाचा हात विटाळतो, कोणाचा नाही. कोणी खळ्यात यायचं, कोणी कवाडाशी थांबायचं. इतके बारीक फरक करणाऱ्या गावाला आजार आणि शिक्षा यांतला फरक कळत नव्हता, असं मला कोणी सांगू नये. कळत होता. बाळूच्या वेळी कळला की. तेव्हा तो आजार होता, आणि गाडी जुंपली गेली.

मी वळलो आणि चपला घातलेल्या पायांनी निघालो. मागून एक ढेकूळ पाठीवर बसलं. कोणी मारलं ते मी वळून पाहिलं नाही.

कडेला आई उभी होती. न सांगता मागून आली होती. घरी पोचल्यावर मी पाठीवरचा चिखल धुवत होतो तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे ता तापान गेला?"

"तापान गेला, आये."

"नुसत्या तापान?"

"नुसत्या तापान. डॉक्टर इलो असतो तर उठून बसला असता."

तिनं कळशी उचलली, परत खाली ठेवली.

"मगे तुझ्या बापाशीक मी तसा कित्याक बोललंय?"

कोणत्या पत्रकात याचं उत्तर छापतात?

पुढच्या आठवड्यात आमच्या वाटेवर काट्यांची वंय पडली. आज आमची माणसं डोंगराला वळसा घालून रस्त्याला लागतात. बाळंतिणीसुद्धा. कज्जा चालू आहे. मला गावातले आमचेच काही लोक म्हणतात, चालला असतास तर वाट राहिली असती. त्यांचंही खोटं नाही. माझ्या नकाराची किंमत त्यांचे पाय देतात. तरी मी चाललो नसतो.

तात्यांच्या आणि आबांच्या कुळांनी मिळून तालुक्याला अर्ज केला. अर्ज मी लिहिला. मोजणीदार आला, त्यानं साखळी टाकली, झेंडे रोवले, खुणेचे दगड बसवले. कुळांची नावं विचारली. जी रेघ बापाच्या डोळ्यांत चिखल घालून काढून घेतली होती, ती एका दुपारी निघाली, आणि कोणाचं पोर मेलं नाही.

रेघ कुठे निघाली? फणसाशी, करंजाशी, की मध्ये?

मी सांगणार नाही. हे मी जिथं जिथं सांगतो तिथं लोक एवढंच विचारतात. सभेतही विचारतात. चांगली माणसं विचारतात, डोळ्यांत पाणी आणून. मग तुझा बाप खरा निघाला का रे? म्हणजे मधून निघाली तर भागी विनाकारण मेली, आणि फणसाशी निघाली तर कारण होतं? प्रश्न विचारताच तुम्ही देवळासमोरच्या त्या बैठकीत जाऊन बसलात, हे तुम्हाला कळत नाही. रेघ कुठेही निघो. भागी तापानं मेली. गाडी खळ्यात उभी होती.

पत्रकाची शेवटची ओळ मागणीची असते. माझ्या मागण्या दोन आहेत आणि त्या सरकारकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत.

तुमच्या गावात अजून कोणाच्या तरी डोक्यावर माती टाकतात. कोणाला तरी शिवेवर पाठवतात, कोणाच्या तरी पोराच्या जिवावर तुमचा खरेखोटेपणा तोलतात. ते घर तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी गाऱ्हाणं सुरू होईल तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणू नका. पुढे व्हा, ती माती हातात घ्या आणि आपल्या पोराच्या डोक्यावर धरून बघा. हात मागे आला तर ती खाली टाका, आणि तालुक्याला अर्ज करा.

दुसरी. मालवणहून कसालला जाताना आमच्या मळ्याकडे उतरा. फणसाचं खोड अजून आहे. तिथं उभे राहा आणि शेतात काम करणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा, भागी तापानं मेली. आमच्या गावानं हे वाक्य अजून एकदाही उच्चारलेलं नाही. तुम्ही उच्चारा.